फ्लॅश कुठे लावायचा, कुठे नाही

जंगलातली वाट, नाटकाचा शामियाना आणि लग्नाचा मांडव: पोंभुर्ण्याच्या परिसरातल्या तीन जागा आणि कॅमेऱ्याचे मूलभूत धडे

दिवाळी उलटली की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या चारही जिल्ह्यांत मंडई म्हणजे गावजत्रा आणि शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती यांच्या निमित्तानं शामियाने उभे राहतात. रात्री उशिरा वर गेलेला पडदा पहाटे खाली येतो. रंगात आलेल्या प्रवेशाला मागच्या रांगांतून मोबाईल वर होतात आणि एकामागून एक फ्लॅश चमकतात. घरी जाऊन फोटो पाहावा, तर पुढच्या माणसाचा पांढराफटक कान तेवढा ठसठशीत आलेला असतो. रंगमंच अंधारात बुडालेला असतो.

त्याच रात्री जंगलातल्या एखाद्या पायवाटेवर, झाडाला पट्ट्यानं आवळलेला कॅमेरा चालत्या वाघाच्या अंगावरचा पट्टा न् पट्टा टिपतो. तोही फ्लॅशच्याच उजेडात. या कॅमेऱ्याची लेन्स साधी असते आणि त्यामागे कुणी फोटोग्राफर उभा नसतो. तरी तो जिंकतो आणि महागडा मोबाईल हरतो. हे का होतं, ते नीट कळलं की फोटोग्राफीचा निम्मा अभ्यास झाला असं समजायला हरकत नाही.

तीन चाव्या

फोटो म्हणजे सेन्सरवर पडलेला उजेड. तो किती पडावा, हे दोन गोष्टी ठरवतात. लेन्सचं छिद्र किती उघडं आहे, म्हणजे अ‍ॅपर्चर. आणि ते किती वेळ उघडं राहिलं, म्हणजे शटर स्पीड. धानाच्या बांधीत पाणी घेताना तोंड मोठं केलं की बांधी लवकर भरते, लहान ठेवलं की वेळ लागतो. इथंही हिशेब तोच. तिसरी चावी आयएसओ. ती उजेड वाढवत नाही. सेन्सरला मिळालेला संकेत मोठा करून दाखवते. म्हणून आयएसओ फार चढवला की उजेडाच्या टंचाईतले दाणे फोटोत उघडे पडतात.

अ‍ॅपर्चरचे आकडे नवख्याला गोंधळात टाकतात. 2, 2.8, 4, 5.6, 8, 11, 16 अशी ही चढण आहे आणि आकडा जितका मोठा, तितकं छिद्र लहान. कारण हा आकडा म्हणजे लेन्सच्या फोकल लांबीला छिद्राच्या व्यासानं भागून आलेलं उत्तर. या चढणीवरची प्रत्येक पायरी उजेड निम्मा करते. शटर 1/100 वरून 1/200 वर नेलं तरी उजेड निम्माच होतो आणि आयएसओ 400 वरून 800 केला तर फोटो दुप्पट उजळतो. तिन्ही चाव्या अशा एकाच मापाच्या असल्यानं एकीकडे सोडलेलं दुसरीकडे भरून काढता येतं.

पण प्रत्येक चावीची किंमत वेगळी. छिद्र मोठं केलं की चेहरा स्पष्ट येतो आणि मागचं धूसर होतं. शटर हळू केलं की हलणारा हात फराटतो. आयएसओ चढवला की दाणे येतात. यातली कुठली किंमत आज मोजायची, एवढंच फोटोग्राफरला ठरवायचं असतं.

फ्लॅशचा एकच कायदा

सूर्य इतका दूर आहे, की त्याच्या उजेडाला अंगण आणि शेताचा बांध सारखेच. फ्लॅशचं तसं नाही. त्याचा उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथा हिस्सा, तिप्पट झालं की नववा. शामियान्यात पुढच्या माणसाचं डोकं दीड मीटरवर आणि नट पंधरा मीटरवर असेल, तर अंतर दहापट होतं. म्हणजे डोक्याला मिळालेल्या उजेडाचा शंभरावा हिस्सा नटापर्यंत पोचतो. मोबाईलचा फ्लॅश म्हणजे छोटा एलईडी दिवा. त्याची मजल दोन-तीन मीटरची. मागच्या रांगेतल्या फोटोचं कोडं इथंच सुटतं.

कॅमेऱ्यावर बसवायच्या फ्लॅशची ताकद ‘गाईड नंबर’ या आकड्यानं सांगतात. या आकड्याला मीटरमधल्या अंतरानं भागलं की अ‍ॅपर्चर मिळतं. आयएसओ 100 ला गाईड नंबर 40 असेल, तर पाच मीटरवरच्या माणसासाठी f/8 आणि दहा मीटरवरच्यासाठी f/4. आयएसओ चौपट, म्हणजे 400 केला की मजल दुप्पट होते. आजचे फ्लॅश हा हिशेब आपोआप करतात. तरी तो एकदा कागदावर करून पाहावा. मग फ्लॅश कुठे हात टेकणार, ते आधीच कळतं.

जंगल: जिथं फ्लॅशशिवाय भागत नाही

चंद्रपूर जिल्ह्यातला पोंभुर्णा तालुका हा वाघांच्या वावराचा पट्टा आहे. हे वनक्षेत्र मध्य चांदा वनविभागात येतं आणि ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाबाहेरच्या अशा जंगलांतही वाघ नांदतात, फिरतात. गावाजवळ वाघ दिसू लागला की तो नेमका कोणता, हे वनखात्याला कळावं लागतं. त्यासाठी लावतात कॅमेरा ट्रॅप.

प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, इतकंच नाही, तर एकाच वाघाची डावी आणि उजवी बाजूही वेगळी. म्हणून वाटेच्या दोन्ही अंगांना एकेक कॅमेरा बांधतात, साधारण गुडघ्याच्या उंचीवर, वाटेपासून काही मीटरवर. दोन्ही अगदी समोरासमोर ठेवत नाहीत, किंचित मागंपुढं सरकवतात. नाहीतर एकाचा फ्लॅश दुसऱ्याच्या लेन्समध्ये थेट शिरेल. उष्ण शरीर समोरून सरकल्यानं होणारा बदल सेन्सरला जाणवतो आणि कॅमेरा आपोआप चालतो.

आता फ्लॅशचा कायदा इथं लावून पाहा. अंतर आधीच ठरलेलं आणि कमी. म्हणून छोटा फ्लॅशही पुरतो. दुसरं म्हणजे झेनॉन फ्लॅशची चमक अतिशय अल्पकाळ टिकते. पूर्ण ताकदीला ती सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागाइतकी असते, ताकद कमी केली की त्याहूनही पुष्कळ कमी. काळोख्या रात्री दुसरा उजेडच नसल्यानं शटर कितीही वेळ उघडं असो, चित्र उमटतं ते त्या चमकेपुरतं. त्यामुळे चालता वाघ गोठल्यासारखा येतो. डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड उजेडाचे कॅमेरेही असतात. ते प्राण्याला कमी बिचकवतात, पण रात्रीची चित्रं कृष्णधवल येतात आणि चालत्या जनावराचे पट्टे बरेचदा पुसट होतात. ओळख पटवायची असेल, तर पांढरा फ्लॅश उपयोगी पडतो तो यासाठी.

ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेत जॉर्ज शिरस यांनी रात्री फ्लॅश उडवून टिपलेली वन्यप्राण्यांची चित्रं 1906 साली ‘नॅशनल जिऑग्राफिक’नं छापली. आपल्याकडे वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी 1920च्या दशकात शिवालिकच्या जंगलात वाटेवर तार ताणून, वाघाच्याच पायानं कॅमेरा चालवला. 1927 साली त्यांचं पुस्तक आलं. बंदुकीच्या जमान्यात वाघाला जिवंत ठेवून घरी न्यायची वाट त्यांनी दाखवली. त्या वाटेवरून आलेलं काम पुढे केवढं झालं, ते पाहा: 2018-19च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत 26,838 ठिकाणी कॅमेरे लागले, साडेतीन कोटींच्या घरात चित्रं निघाली आणि त्यांतली 76,651 वाघांची होती. गिनेस बुकानं त्याची नोंद घेतली.

सफारीतल्या पाहुण्यानं मात्र यावरून फ्लॅश काढू नये. वाघावर फ्लॅश मारायला तिथं मनाई आहे आणि ती योग्यच आहे. ट्रॅपची चमक नोंदीपुरती असते. पाच-सात जिप्सींमधून वारंवार उडणारे फ्लॅश हा जनावराला निव्वळ त्रास.

शामियाना: जिथं फ्लॅश बंदच बरा

नाटकात उजेड आधीच आहे आणि तो कुणीतरी विचार करून टाकलेला आहे. खलनायकाच्या तोंडावर लाल, विरहाच्या प्रवेशाला निळा. फ्लॅश हे सगळं धुऊन टाकतो आणि संवाद म्हणणाऱ्या नटाचे डोळेही दिपवतो. म्हणून फ्लॅश मिटवायचा आणि चाव्या फिरवायच्या.

सुरुवात f/2.8, 1/100 आणि आयएसओ 1600 पासून करावी. उजेड पाहून वरखाली करावं. 1/100 मुद्दाम सांगितलं. आपल्या विजेचा प्रवाह 50 हर्ट्झचा. त्यावर चालणारे बरेच दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण शटर फार वेगवान ठेवलं की फोटोत आडवे काळे पट्टे येतात. 1/100 किंवा 1/50 ठेवलं की पूर्ण लुकलुक सामावते.

दुसरी अडचण मीटरची. कॅमेऱ्याचा मीटर दिसेल ते सगळं मध्यम करड्या छटेचं धरून चालतो. मागं काळा पडदा आणि मध्ये उजळलेला एकच चेहरा असला, की त्याला वाटतं, अंधार फार आहे. तो फोटो उजळवतो आणि नटाचा चेहरा पांढरा होऊन जातो. अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन एका पायरीनं खाली आणावं, किंवा स्पॉट मीटरिंग लावून चेहऱ्यावरचाच उजेड मोजावा.

तिसरी गोष्ट क्षणाची. झाडीपट्टीच्या रंगमंचावर माईक वरून टांगलेले असतात. मोठा संवाद असला की नट माईकखाली येतो आणि तिथं थबकतो. फोकस आधीच त्या जागेवर धरून ठेवला, तर 1/100 वरही चेहरा स्थिर मिळतो. 2023 साली गुरनोलीचे झाडीपट्टी कलावंत डॉ. परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा या रंगभूमीकडे अख्ख्या देशाचं लक्ष गेलं. नाटक पहाटे संपतं. त्या रात्रीचा अभिनय, वेश, रंगवलेले पडदे मागं उरतात ते फोटोत. ते नीट काढणारे हात गावोगावी हवेत.

मांडव: जिथं दोन उजेड एकत्र येतात

तालुक्याच्या गावी फोटो काढून पोट भरायचं, तर लग्नं आलीच. इथं खरी परीक्षा होते, कारण फ्लॅशच्या फोटोत दोन एक्स्पोजर एकाच वेळी उमटतात. मांडवातल्या दिव्यांचा उजेड शटर उघडं असेपर्यंत साचत राहतो. फ्लॅशचा उजेड क्षणात येऊन जातो, त्याला शटरशी देणंघेणं नसतं. त्यामुळे शटर मागचा उजेड ठरवतं, तर अ‍ॅपर्चर आणि आयएसओ दोन्हींवर चालतात.

हे करूनच पाहावं. रात्रीच्या मांडवात आयएसओ 800, f/4 ठेवा आणि फ्लॅश लावून आधी 1/200 वर, मग 1/50 वर फोटो काढा. पहिल्यात नवरी उजळ आणि मागं काळोख. दुसऱ्यात नवरीचा चेहरा जवळपास तेवढाच, पण मागची रोषणाई चौपट उजळलेली. मांडव जिवंत होतो. वरातीत 1/15 पर्यंत उतरून फ्लॅश शटर मिटायच्या ऐन वेळी उडेल अशी ‘रिअर कर्टन’ सेटिंग लावली, तर नाचणारा ठळक येतो आणि दिव्यांच्या रेघा त्याच्या मागं राहतात.

शटर वर नेण्याला मात्र हद्द आहे. बहुतेक कॅमेऱ्यांत ती 1/200 किंवा 1/250. त्यापुढे शटरचा पहिला पडदा पूर्ण सरकण्याआधीच दुसरा निघतो आणि फोटोत काळी पट्टी येते. याचा त्रास जाणवतो मे महिन्यातल्या भर दुपारी. लख्ख उन्हात आयएसओ 100 ला f/16 आणि 1/100, किंवा त्याच बरोबरीचं f/11 आणि 1/200 लागतं. उन्हानं नवरदेवाच्या फेट्याखाली डोळ्यांवर काळी सावली पडते, ती भरायला फ्लॅश हवाच. गाईड नंबर 40 ला 11 नं भागा. उत्तर आलं साधारण साडेतीन मीटर. म्हणजे दुपारच्या उन्हात पूर्ण ताकदीचा फ्लॅशसुद्धा एवढ्याच अंतरापर्यंत पुरतो. तेव्हा झूम न करता जवळ जावं.

समोरून थेट मारलेल्या फ्लॅशनं चेहरा सपाट येतो आणि मागच्या भिंतीवर काळी सावली उमटते. खोलीत पांढरं छत असेल, तर फ्लॅशचं तोंड वर करून उजेड छतावरून खाली आणावा. मांडवात ही युक्ती जपून वापरावी. वरचं कापड गुलाबी किंवा निळं असलं, तर तोच रंग सगळ्यांच्या तोंडावर उतरतो. तिथं पांढऱ्या छत्रीतून फ्लॅश मारलेला बरा.

हे सगळं शिकायला नवा कॅमेरा लागत नाही. मॅन्युअल मोड आणि फ्लॅशची जागा असलेला जुना, वापरलेला कॅमेरा चालतो. घरातल्या एका माणसाला खुर्चीत बसवा. दोन, चार आणि आठ मीटरवरून फ्लॅशनं तोच फोटो काढा. फ्लॅशची ताकदही आपोआपवर न सोडता एकच ठेवा, बाकी काही बदलू नका. मग अंतर तेच ठेवून फक्त शटर बदला, नंतर फक्त अ‍ॅपर्चर. एका वेळी एकच गोष्ट बदलली, की तिचा परिणाम डोळ्यांना दिसतो आणि कायमचा लक्षात राहतो. दुसऱ्यानं सांगितलेले आकडे पाठ करणारा मांडव बदलला की अडतो. उजेड कुठून येतो, किती दूरवरून येतो आणि आपल्याला काय दाखवायचं आहे, हे तीन प्रश्न स्वतःला विचारणारा पोंभुर्ण्यात अडत नाही आणि पुण्यातही अडत नाही.