दागिना सोन्याचाच हवा का?

मंगळसूत्र आपण सर्वांनी पाहिले आहे. त्यात सोने किती असते? दोन वाट्या आणि चार मणी. बाकीचे काळे मणी काचेचे. तरी त्याचा मान केवढा मोठा! तुळजाभवानीचे भक्त कवड्यांची माळ घालतात. बंजारा बाया नाणी, कवड्या आणि आरशाचे तुकडे अंगावर मिरवतात. म्हणजे दागिन्याला नुसते सोनेच लागते असे नाही.

आमच्या आजीच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात भोकाचा पैसा असे. हे पैसे सरकारने 1943 सालापासून काही वर्षे पाडले. तेव्हा महायुद्ध चालू होते. धातूची टंचाई होती. म्हणून पैशाला मधोमध भोक ठेवले. लोकांनी त्यात दोरा ओवला. झाला दागिना!

असा दागिना आपणही करू शकतो. आमच्या बिरवाडीत भंगारात तांब्याची तार मिळते. पितळेचा जुना वायसर मिळतो. रिठ्याची काळी बी मिळते. सुताराकडून बीला भोक पाडून घ्यावे. तारेवरचे प्लास्टिक सुरीने सोलावे. ते जाळू नये. त्याचा धूर विषारी असतो.

तांब्याची तार मऊ असते. हाताने वळते. पण वळता वळता ती ताठ होते. मग ती चुलीत लाल होईपर्यंत तापवावी. गार झाली की पुन्हा मऊ होते. तारेची टोके कानशीने घासून गोल करावी, म्हणजे अंगाला टोचत नाहीत. मग बी आणि वायसर तारेत गुंफावे. शेवटी आमसुलाने घासावे, धुवावे आणि पुसून कोरडे करावे. आमसुलाच्या आंबटाने तांब्यावरचा काळा थर निघतो. प्रत्येक तुकडा निराळा, म्हणून प्रत्येक दागिना निराळा. त्याचा जोड दुसरीकडे मिळायचा नाही.

मात्र काही गोष्टी सांभाळा. तांब्याला लोखंड जोडू नका. घाम लागला की लोखंड लवकर गंजते. शिसे वापरू नका. ते पोटात गेले तर मुलांना फार अपाय करते. रसायनाच्या कारखान्यातले डबे आणि पत्रे घरी आणू नका. कुंपणावरची लाल गुंज दिसायला सुंदर असते. पूर्वी सोनार तिनेच सोने तोलत. 8 गुंजांचा 1 मासा, 12 माशांचा 1 तोळा. पण गुंजेचे बी विषारी आहे. ते फोडू नका, त्याला भोक पाडू नका. मुलांच्या हाती तर मुळीच देऊ नका.

आता एक अनुभव सांगतो. आमच्या शेजारच्या वहिनींनी बाजारात जोडवी घेतली. आम्हाला दाखवून म्हणाल्या, "गुरुजी, चांदीची हाईत ना?" आम्ही विचारले, "वहिनी, पावती घेतलीत का?" पावती नव्हती. पुढे कळले, ती जर्मन सिल्व्हरची होती. नावात सिल्व्हर आहे, पण त्यात चांदी औषधालाही नसते. तांबे, जस्त आणि निकेल मिळून तो धातू होतो. निकेलने काहींच्या अंगाला खाज सुटते. वहिनींनी मजुरीचे पैसे साठवून जोडवी घेतली होती. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले.

जर्मन सिल्व्हर वाईट नाही. खोटे बोलणे वाईट. तांब्याला तांबे म्हणावे, पितळेला पितळ म्हणावे. आपण दागिना करून विकला तर गिऱ्हाइकाला तसेच सांगावे. तिथे किंमत हाताच्या कामाची असते. सोने घेताना मात्र शिक्का वाचावा. 916 म्हणजे 1000 भागांत 916 भाग सोने. चांदीवर 925 म्हणजे 1000 भागांत 925 भाग चांदी. आणि पावती मागावी.

आता तुम्हाला अक्षरे आणि आकडे येतात. मग फसायचे कशाला? आणि लेकीच्या लग्नात सोन्यासाठी शेत गहाण टाकायचे तरी कशाला? आपल्या हाताने केलेला एक दागिना तिला द्या. तिला तो जन्मभर आठवेल.