आज तिळगूळ, उद्या मतदान: पाहुण्यांसमोर राजकारण निघालं तर काय करायचं?

काल भोगी झाली, आज संक्रांत आणि उद्या, गुरुवारी, महापालिकेचं मतदान. पुंडलिकनगरच्या गल्ल्यांमधून फिरणारे प्रचाराचे भोंगे काल संध्याकाळी बंद झाले. आता आवाज चढणार तो घराघरांत. उद्या सुटी आहे, त्यामुळे एरवी वाळूज-चिकलठाण्याच्या शिफ्टमध्ये अडकलेली माणसं घरी आहेत, गावाकडून पाहुणे आलेत, गुळाच्या पोळ्या तव्यावर आहेत आणि बैठकीत कुणीतरी विचारतंच, "मग, यंदा कुणाला?"

या एका प्रश्नावर ताटं अर्धी टाकून उठलेले लोक बहुतेक घरांत असतात. कुणी दोन वर्षं बोलत नाही, कुणी लग्नाची पत्रिकाही पाठवत नाही. यंदा तर सण आणि निवडणूक पाठीला पाठ लावून आले आहेत.

यंदा गुंता जास्त का?

छत्रपती संभाजीनगर महापालिकेची शेवटची निवडणूक झाली एप्रिल २०१५ मध्ये. २०२० साली मुदत संपली आणि तेव्हापासून प्रशासकच कारभार पाहत आहेत. मधल्या काळात २०२२ मध्ये शिवसेनेचे दोन भाग झाले, २०२३ मध्ये राष्ट्रवादीचे. मागच्या वेळी एकाच धनुष्यबाणाला मत देणारे दोन सख्खे भाऊ आज एक मशाल आणि एक धनुष्यबाण घेऊन समोरासमोर बसलेले असू शकतात. गंमत म्हणजे दोघांनाही वाटतं, आपण जागचे हललो नाही, दुसराच गेला. राज्यात एकत्र सत्तेत असलेले भाजप आणि शिंदे यांची शिवसेना या शहरात एकमेकांविरुद्ध लढत आहेत. म्हणजे दोन महिन्यांपूर्वी ज्या मेव्हण्याच्या टाळीला टाळी दिली, त्याच्याशीच आज वाद.

तिकडे पुढाऱ्यांच्या घरांत काय चाललंय ते पाहिलं तर जरा हसू येईल. राज ठाकरे यांनी २००६ मध्ये मनसे काढली, त्यानंतर जवळपास दोन दशकं दोन्ही भावांचे कार्यकर्ते एकमेकांवर तुटून पडत होते. २७ जुलै २०२५ ला राज ठाकरे भावाच्या वाढदिवसाला मातोश्रीवर गेले. ऑगस्टमध्ये उद्धव ठाकरे गणपतीच्या दर्शनाला शिवतीर्थावर गेले. डिसेंबरात युती जाहीर झाली. परळीत २०१९ मध्ये धनंजय मुंडे यांनी चुलत बहीण पंकजा मुंडे यांचा पराभव केला. २०२४ च्या लोकसभेला तेच धनंजय बहिणीच्या प्रचारात होते. त्या ६,५५३ मतांनी हरल्या, पण व्यासपीठ एकच होतं.

बारामतीची गोष्ट वेगळी. गोविंदबागेतला दिवाळी पाडवा म्हणजे पवार कुटुंबाचा वर्षानुवर्षांचा रिवाज. २ नोव्हेंबर २०२४ ला पहिल्यांदाच दोन पाडवे झाले: शरद पवारांचा गोविंदबागेत, अजित पवारांचा काटेवाडीत. त्याच वर्षी लोकसभेला सुप्रिया सुळे यांच्यासमोर सुनेत्रा पवार उभ्या होत्या. बहिणीविरुद्ध पत्नीला उभं करायला नको होतं, राजकारण घरात शिरू द्यायचं नसतं, अशी कबुली अजित पवार यांनी नंतर ऑगस्टमध्ये दिली. आता या महापालिका निवडणुकीत पिंपरी-चिंचवडमध्ये दोन्ही राष्ट्रवादी एकत्र आहेत. आपल्या जिल्ह्यातल्या कन्नडमध्ये २०२४ च्या विधानसभेला संजना जाधव आणि हर्षवर्धन जाधव हे विभक्त राहणारे पती-पत्नीच समोरासमोर लढले. संजना जाधव निवडून आल्या.

पुढाऱ्यांना परत एकत्र यायला निमित्त असतं, माणसं असतात, जागावाटप असतं. पुंडलिकनगरातल्या काका-पुतण्याला यातलं काहीच नसतं.

भांडण दोघांचं, दार बंद होतं तिसरीचं

घरातल्या राजकीय वादाचा हिशेब करताना एक माणूस कायम सुटतो. भाऊ आणि मेव्हणा भांडतात. आवाज चढतो, मेव्हणा चप्पल घालतो, "चल गं" म्हणतो. बहीण हातातलं वाण तसंच ठेवून उठते. पुढची राखी, पुढची भाऊबीज तिच्यासाठी प्रश्न बनून येते: जाऊ की नको? नवऱ्याला विचारू की नको? तिचं मत काय होतं हे त्या बैठकीत कुणी विचारलेलंही नसतं. माहेर तिचं तुटतं.

आणि पुंडलिकनगर, गारखेडा या भागात नातं म्हणजे फक्त सणाची गोष्ट नाही. इथली कितीतरी कुटुंबं जालना, बीड, परभणीच्या खेड्यांतून नोकरी-शिक्षणासाठी शहरात आली आणि नातेवाईक बघूनच घर शोधलं. रात्री दोन वाजता आईला दवाखान्यात न्यायचं तर गाडी चुलतभावाची असते. गावाकडच्या सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं एकत्र असतात. प्लॉटच्या हप्त्याला जामीन मेव्हणा असतो. ज्या नगरसेवकासाठी हे सगळं पणाला लावायचं, त्याला आपलं नावही माहीत नसतं, हे सांगायलाच हवं का?

अमेरिकेत थँक्सगिव्हिंग हा सण म्हणजे तिथली घरी जमायची दिवाळीच. कीथ चेन आणि राइन रोहला या दोन अभ्यासकांनी २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीनंतर तिथल्या एक कोटीहून अधिक मोबाइलच्या ठिकाणांची निनावी माहिती तपासली. जिथे पाहुणे आणि यजमान वेगवेगळ्या पक्षांच्या प्रभावातल्या भागातले होते, तिथलं जेवण इतरांपेक्षा ३० ते ५० मिनिटांनी लवकर आटोपलं. ज्या भागांत प्रचाराच्या जाहिराती जास्त दाखवल्या गेल्या, तिथे हा परिणाम अधिक होता. हा अभ्यास २०१८ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आला. प्रचाराचा भोंगा ताटापर्यंत पोचतो, असं आपल्याकडे म्हणता येईल.

'का' ऐवजी 'कसं' विचारा

या शहरात वाद पेटवायला पाण्याइतकं ज्वालाग्राही दुसरं काही नाही. जायकवाडी उशाला असूनही नळाला कितव्या दिवशी पाणी येतं, यावर पुंडलिकनगरातली कुठलीही बैठक पाच मिनिटांत पेटते. "तुमच्याच पक्षानं वाट लावली" हे वाक्य दोन्ही बाजूंनी येतं, आणि त्यात थोडंथोडं खरंही असतं. नवी पाणी योजना मंजूर झाली २०१९ मध्ये फडणवीस सरकारच्या काळात, १,६८० कोटींची. भूमिपूजन झालं डिसेंबर २०२० मध्ये उद्धव ठाकरे मुख्यमंत्री असताना. पुढे सरकार बदललं आणि खर्च २,७४० कोटींवर गेला. म्हणजे बैठकीत बसलेल्या प्रत्येकाच्या पक्षाचा हात या पाइपला लागलेला आहे.

इथे मानसशास्त्रातला एक प्रयोग कामी येतो. फिलिप फर्नबाख आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये लोकांना सरकारी धोरणांवर ठाम मतं विचारली. मग काहींना सांगितलं, या मताची कारणं द्या. काहींना सांगितलं, हे धोरण नेमकं कसं चालतं ते टप्प्याटप्प्यानं समजावा. कारणं देणाऱ्यांची मतं होती तशीच कडक राहिली. समजावायला बसलेल्यांना मात्र आपल्याला वाटत होतं तेवढं कळत नाही हे उमगलं आणि त्यांची मतं जरा मवाळ झाली.

घरात हे सोपं आहे. काका तावातावानं बोलत असतील तर "असं का म्हणता?" विचारू नका, त्यावर अर्ध्या तासाचं भाषण तयार असतं. "काका, जायकवाडीतनं पाणी निघाल्यावर आपल्या टाकीपर्यंत येतं कसं?" असं विचारा. धरणातली विहीर, पंप, नक्षत्रवाडीचा शुद्धीकरण प्रकल्प, जलकुंभ, गल्लीतला व्हॉल्व्ह. दुसऱ्या टप्प्यापर्यंत जाताजाता बोलणारा आणि ऐकणारा दोघंही एकाच बाजूला येतात. शेवटी कुणाच्या गल्लीचा व्हॉल्व्ह कोण सोडतो यावर गाडी येते, आणि तिथे एकमत असतं. अट एकच: विचारताना आवाजात खोच नको. भाचा परीक्षा घेतोय असं काकांना वाटलं की संपलं.

आरक्षणाचा विषय याहून नाजूक आहे. अंतरवाली सराटी इथून दीड तासाच्या आत. २०२३ पासून निजामकाळातल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटबाबतचा शासन निर्णय आला. जातीचं प्रमाणपत्र वडिलांकडच्या नात्यानं मिळतं. त्यामुळे असं होतं, की मामाकडे नोंद सापडते, त्यांच्या मुलांना प्रमाणपत्र मिळतं, आणि त्याच ताटावर बसलेल्या भाच्याला काही नाही. दुसऱ्या घरात आधीपासून ओबीसीत असलेला मित्र किंवा जावई असतो आणि त्याला आपल्या मुलीच्या जागेची काळजी असते. इथे बोलणारा पक्षाची बाजू मांडतोय असं दिसतं, पण आतून तो पोराच्या प्रवेशाबद्दल बोलत असतो. तेव्हा "कितवीत आहे आता तो? कशाला टाकायचा विचार आहे?" एवढं विचारलं तर सूर बदलतो. मत बदलत नाही, ते बदलायचंही नसतं.

मान, वय आणि मोबाइल

मराठी घरात वाद समान पातळीवर होतच नाही. जावयाला खोडून काढायचं नसतं, मोठ्या दिरांसमोर सुनेनं बोलायचं नसतं, आजोबा म्हणतील ते अखेरचं. ही उतरंड वाद दाबते, मिटवत नाही. दाबलेलं मग स्वयंपाकघरात किंवा कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निघतं. पण हीच उतरंड उपयोगीही पडते. आजीनं "आमच्या घरात आज हा विषय नको" म्हटलं तर कुणाची उलट बोलायची हिंमत होत नाही. यजमानांनी पाहुणे यायच्या आधीच आजीला विश्वासात घ्यावं. दोन खोल्यांच्या घरात पेटणाऱ्या दोघांना शेजारी बसवू नये, एवढी व्यवस्था तर लग्नाच्या पंगतीतही करतो आपण. वेळ आलीच तर एकाला खाली दूध आणायला पाठवावं. गजानन महाराज मंदिरापर्यंत चालत जाऊन आलेला माणूस जरा थंड होऊन येतो.

मोबाइलचं वेगळं. समोरासमोर 'दादा' म्हणणारा पुतण्या ग्रुपवर नाव न घेता टोमणा टाकतो. फॉरवर्डवर दुहेरी बाण दिसला तर तो मजकूर किमान पाच हातांमधून फिरून आलेला असतो. २०२० पासून असा मजकूर एका वेळी एकाच चॅटला पुढे पाठवता येतो. काकांनी तो लिहिलेला नसतो, फक्त ढकललेला असतो. म्हणून उत्तर ग्रुपवर देऊ नका; सगळ्यांसमोर खोटं ठरलेला माणूस खरं कधीच मान्य करत नाही. थेट फोन लावा: "काका, ते मगाशी पाठवलेलं जुनं आहे बहुतेक, बघता का?" मतदान ते मतमोजणी या दोन दिवसांसाठी अॅडमिनला 'फक्त अॅडमिन मेसेज पाठवू शकतील' ही सोयही वापरता येते. ग्रुप सोडणं मात्र टाळावं. अमक्यानं ग्रुप सोडला, ही गोष्ट घरात वर्षानुवर्षं उगाळली जाते.

सगळं गिळायचं का?

नाही. पाणी, रस्ते, उमेदवार, पक्ष यावर मतभेद ही एक गोष्ट. कुणाच्या जातीला, धर्माला शिवी, घरातल्या आंतरजातीय लग्न करून आलेल्या सुनेसमोर तिच्या समाजावर विनोद, ही दुसरी. इथे "जाऊ दे, मोठे आहेत" म्हणणाऱ्यांनी जरा त्या सुनेकडे पाहावं. अशा वेळी सगळ्यात योग्य माणूस म्हणजे बोलणाऱ्याचा मुलगा किंवा धाकटा भाऊ. "बाबा, हे आपल्या घरात चालणार नाही" एवढंच, हलक्या पण स्पष्ट आवाजात, आणि तिथेच. भाषण नको.

या शहरातल्या माणसांनी असे वाद पाहिले आहेत. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात १९७८ मध्ये झाला. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. सोळा वर्षांत मराठवाड्यातल्या गावागावांत घरं जळली, माणसं गेली, शेजार तुटले. आज संक्रांतीच्याच दिवशी विद्यापीठाच्या गेटवर अभिवादनासाठी गर्दी असते, आणि त्या वेळी विरोधात असलेल्यांची नातवंडं तिथूनच पदव्या घेतात.

उद्या मतदान केंद्रात जाताना एक लक्षात असू द्या. शहरात २९ प्रभाग आणि ११५ जागा आहेत. एक प्रभाग सोडला तर बाकी सगळे चार सदस्यांचे. म्हणजे एकाच माणसाला चार मतं द्यायची आहेत, ती चार वेगळ्या पक्षांनाही देता येतात, कुणीच नको असेल त्या जागेला 'नोटा' आहे. बैठकीत "आमचं घर पूर्ण अमुकच्या मागे" म्हणणाऱ्या घरात यंत्रासमोर काय होतं, हे कुणालाच कळत नाही. "कुणाला दिलं?" असं विचारलं तर सांगायची सक्ती कुणावरच नाही, नवऱ्यानं बायकोला विचारलं तरीही.

मतमोजणी शुक्रवारी, १६ जानेवारीला आहे. त्या दिवशी जिंकलेल्याच्या बाजूच्या माणसानं हरलेल्याच्या दारात फटाके लावू नयेत आणि गुलाल गल्लीच्या तोंडाशीच झटकून घरात यावं. मागच्या दिवाळीपासून जी बहीण आलेली नाही, तिला फोन मात्र भावजयीनं नाही, भावानं स्वतः करावा. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं, आणि रथसप्तमी यंदा २५ जानेवारीला, रविवारी आहे.