विश्लेषण : ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ म्हटल्याने वर्ग खरेच शांत होतो का? छडीविना शिस्तीचे प्रयोग काय सांगतात?

शिक्षक दोन मिनिटांसाठी वर्गाबाहेर जातात आणि मॉनिटर खडू घेऊन फळ्याच्या कोपऱ्यात बोलणाऱ्यांची नावे लिहू लागतो. मराठी शाळेत शिकलेल्या बहुतेकांना हा प्रसंग आठवत असेल. मॉनिटरशी भांडण असेल तर न बोलताही नाव लागायचे, ते वेगळेच. फळ्यावरच्या अशाच नोंदींचा वेगळ्या पद्धतीने वापर करणारा एक प्रयोग अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या एका प्राथमिक शाळेत झाला आणि १९६९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. ‘गुड बिहेविअर गेम’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या खेळावर आजही संशोधन सुरू आहे.

छडी गेली, मग हातात काय उरले?

शिक्षण हक्क कायदा देशात १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १७ नुसार मुलांना शारीरिक शिक्षा करता येत नाही आणि मानसिक त्रासही देता येत नाही. म्हणजे छडीइतकाच चारचौघांत अपमान करणेही नियमबाह्य. उल्लंघन करणाऱ्यावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते.

काय करू नये, हे कायद्यात स्पष्ट आहे. पण चाळीस मुले एकाच वेळी बोलू लागली तर काय करावे, हे शिक्षकाला स्वतःच शोधावे लागते. द्विशिक्षकी शाळेत तर एक शिक्षक पहिलीला वाचन देतो तेव्हा दुसरीची मुले त्याच खोलीत स्वाध्याय घेऊन बसलेली असतात. तिथला गोंगाट हा मुलांच्या स्वभावापेक्षा व्यवस्थेचा भाग जास्त असतो.

‘खाली बसा’ म्हटल्यावर मुले जास्त का उठली?

अमेरिकेतील पहिलीच्या वर्गात झालेला १९६८ चा एक अभ्यास शिक्षकांनी आवर्जून माहीत करून घ्यावा असा आहे. मुले जागेवरून उठली की शिक्षिका ‘खाली बसा’ म्हणत. संशोधकांनी त्यांना हे जास्त वेळा म्हणायला सांगितले. मुले त्या क्षणी बसायची, पण एकूण उठण्याचे प्रमाण वाढले! उलट, शिक्षिकांनी जागेवर बसून काम करणाऱ्यांचे कौतुक सुरू केले तेव्हा उठणे कमी झाले.

कारण साधे आहे. लहान मुलासाठी शिक्षकाचे लक्ष हेच मोठे बक्षीस असते आणि ते रागाने मिळाले तरी चालते. मुकाट्याने गणित सोडवणाऱ्याकडे कोणी पाहत नाही, उठणाऱ्याचे नाव मात्र दिवसातून दहा वेळा घेतले जाते. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात नुसते नियम सांगून वर्तनात फारसा फरक पडला नव्हता. भिंतीवर लावलेला ‘आमचे नियम’ हा रंगीत तक्ता एकटा किती उपयोगाचा, हे यावरून समजते. कौतुकही नेमके हवे. ‘शाब्बास’पेक्षा ‘तू हात वर करून थांबलीस, म्हणून मला तिचे उत्तर ऐकू आले’ असे म्हटले, तर नक्की काय चांगले केले ते मुलीला कळते.

कॅन्ससमधला खेळ नेमका काय होता?

वर्ग चौथीचा, मुले २४. त्यांपैकी सात जणांच्या तक्रारी मुख्याध्यापकांकडे अनेकदा गेलेल्या. शिक्षिकेने वर्गाचे दोन गट केले. गणिताच्या तासाला कोणी परवानगीशिवाय उठले किंवा बोलले, की त्या मुलाचे नाव न लिहिता त्याच्या गटापुढे एक खूण करायची. कमी खुणा असलेला गट जिंकणार. पण खुणा ठरलेल्या मर्यादेत राहिल्या तर दोन्ही गट जिंकू शकत होते, आणि या खेळातली हीच खरी खुबी. बक्षिसेही खर्चिक नव्हती : नावापुढे तारा, जेवणाच्या रांगेत पहिला नंबर, दिवसाअखेरीस थोडा मोकळा वेळ.

निरीक्षणाचे छोटे छोटे कालखंड मोजले, तर आधी सुमारे ९६ टक्के कालखंडांत कोणी ना कोणी विनापरवानगी बोलत असे. खेळ सुरू असताना हे प्रमाण १९ टक्क्यांवर आले. मध्येच खेळ थांबवला तेव्हा गोंधळ परतला, पुन्हा सुरू केल्यावर ओसरला. त्यामुळे ही सुधारणा योगायोगाने झाली नसून खेळामुळेच झाली, हे संशोधकांना ठामपणे म्हणता आले.

परिणाम टिकतो का?

१९८५-८६ मध्ये बाल्टिमोर शहरात पहिलीच्या वर्गांमध्ये हा खेळ मोठ्या प्रमाणावर वापरला गेला. सुरुवातीला आठवड्यातून तीनदा, दहा-दहा मिनिटे. मग हळूहळू वेळ वाढवत नेला आणि पुढे तर खेळ सुरू असल्याचे मुलांना आधी सांगितलेही जात नसे. प्रत्येक गटात दंगेखोर आणि अबोल मुले मिसळलेली होती. ही मुले १९ ते २१ वर्षांची झाल्यावर त्यांची पुन्हा पाहणी झाली. पहिलीत सर्वाधिक आक्रमक असलेल्या मुलग्यांपैकी ज्यांनी हा खेळ खेळला होता, त्यांच्यात अमली पदार्थांच्या आहारी जाण्याचे प्रमाण कमी आढळले. मुलींच्या बाबतीत मात्र असा ठळक फरक दिसला नाही.

इंग्लंडचा अनुभव इतका उत्साहवर्धक नाही. तिथे ७७ प्राथमिक शाळांमध्ये दोन वर्षे चाचणी झाली. २०१८ मध्ये आलेल्या अहवालानुसार सरासरी वर्तनात किंवा वाचनात सुधारणा दिसली नाही. खेळ सोपवलेल्या सुमारे पाव शाळांनी तो मुदतीपूर्वीच सोडून दिला होता आणि उरलेल्यांतही तो अपेक्षेपेक्षा कमी वेळा खेळला गेला. सरकारी उपक्रमांचे फलक आणि अहवाल पाहिलेल्यांना याचे नवल वाटणार नाही.

स्टिकर, तारे, चॉकलेट देऊ नयेत का?

१९७३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत आवडीने चित्रे काढणारी मुले निवडण्यात आली. काहींना ‘चित्र काढलेस तर प्रमाणपत्र मिळेल’ असे आधीच सांगितले. काही दिवसांनी हीच मुले मोकळ्या वेळेत चित्रांकडे कमी वळली. बाकीच्यांच्या तुलनेत जवळपास निम्मा वेळ. अचानक प्रमाणपत्र मिळालेल्यांची आवड मात्र टिकून होती. म्हणजे मूल जे स्वतःहून करते, त्यावर बक्षिसाची अट घालणे महागात पडू शकते. जे अजून अंगवळणी पडलेले नाही, उदाहरणार्थ रांगेत थांबणे किंवा दुसऱ्याचे बोलणे पूर्ण ऐकणे, त्याच्यासाठी थोडे दिवस तारा द्यायला हरकत नाही. पालकांनी घरी ‘अभ्यास केलास तर मोबाइल’ म्हणण्यापूर्वी हा फरक लक्षात घेतलेला बरा.

एका मुलामुळे अख्खा गट हरला तर?

गटाच्या खेळातला हा खरा धोका आहे. ‘तुझ्यामुळे हरलो’ म्हणत मधल्या सुट्टीत त्या मुलाला घेरले गेले, तर शिक्षकाची छडी फक्त मुलांच्या हातात गेली असे होईल. शिवाय काही मुलांचे उठणे-बोलणे हा खोडकरपणा नसतो. ऐकू कमी येणे, फळा नीट न दिसणे, सकाळी काही न खाता शाळेत येणे, अशी कारणे त्यामागे असू शकतात. अशा मुलाला खेळात ओढण्याआधी त्याची चौकशी व्हायला हवी.

कॅन्ससच्या वर्गातही ही अडचण आली होती. दोन मुलांनी आपण हा खेळ खेळणारच नाही असे जाहीर केले आणि मुद्दाम खुणा ओढवून घेऊ लागली. त्यांच्यामुळे बाकीच्या गटाचे नुकसान करणे अन्यायाचे आहे, हे शिक्षिकेला आणि गटातल्या मुलांनाही पटले. मग त्या दोघांच्या खुणा गटाच्या हिशेबात धरणे बंद केले गेले. त्या वेगळ्या मोजल्या जाऊ लागल्या आणि उरलेल्या वर्गाचा खेळ पुढे चालू राहिला.