काटा नाही, टेप काढा

धुळ्यात देवपूरच्या एका मित्राच्या लॅब्रॅडोरचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. "वजन तर तेवढंच आहे, मग मागचा पाय असा बारीक का?" असा त्याचा प्रश्न.

गुडघ्यातला लिगामेंट तुटला की कुत्रा त्या पायावर भार टाकत नाही. काही आठवड्यांतच मांडीचे स्नायू झडतात. बसून-बसून चरबी मात्र वाढते, म्हणून काट्याला काही कळत नाही.

हाड कापून प्लेट बसवायची टीपीएलओ पद्धत अमेरिकेच्या डॉ. स्लोकम यांनी १९९३ मध्ये मांडली. पण प्लेट स्नायू परत आणत नाही. तो व्यायामानेच येतो, आणि त्याला महिने लागतात.

स्नायू परत येतोय का, हे मोजायचं कसं? कुत्र्याला कुशीवर झोपवा, मोजायचा पाय वर. खुब्याच्या हाडाच्या उंचवट्यापासून गुडघ्यापर्यंतच्या लांबीच्या साधारण ७० टक्क्यांवर घेर घ्या. दोन्ही पायांचा घ्या.

गुलिक टेपला स्प्रिंग असते, त्यामुळे ताण दर वेळी सारखाच राहतो. शिंप्याचा टेपही चालेल, पण मग एकाच माणसाने तीनदा मोजून सरासरी काढावी.

आणि केस! ऑपरेशनआधी ते भादरतात. पुढे केस वाढले की घेरही 'वाढतो', आणि घरचे पेढे वाटायला निघतात. अर्ध्या सेंटीमीटरवर नाचू नका.

डॉक्टरांनी परवानगी दिली की दोरी लावून हळू चालवा. जळगावकरांनो, मे महिन्यात मेहरूण तलावावर पहाटेच हं!

काही अडलं तर कमेंटमध्ये विचारा.