क्रोशाची ‘पेशवेकालीन’ सुई

सदाशिव पेठेतील जुना वाडा रिकामा होताना फडताळातून किंवा ट्रंकेतून निघालेली क्रोशाची पांढरट सुई, म्हणजे दोऱ्याची लेस विणण्याची टोकाला आकडा असलेली काडी, हस्तिदंती आणि पेशवेकालीन असल्याचे इतक्या ठामपणे सांगितले जाते की नवखे संग्राहक त्याची शहानिशाही करीत नाहीत. वस्तुतः पेशवाई १८१८ मध्ये संपली, तर साखळ्या व खांब घालून क्रोशाची लेस विणणे युरोपातच १८४० च्या दशकात, नमुन्यांची छापील पुस्तके निघू लागल्यावर, घरोघरी पोहोचले. महाराष्ट्रात ते त्यानंतर, मुलींच्या शिक्षणाबरोबर रुजले. शिवण-भरतकाम शिकवणारे पुण्याचे सेवासदन तर १९०९ चे. वाडा पेशवाईतला असला म्हणून त्यातील सुईही पेशवाईतली ठरत नाही, हे अजूनही पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

हस्तिदंताचा दावा दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली तपासता येतो. हाडातून रक्तवाहिन्या गेलेल्या असतात आणि त्यांच्या पोकळ्यांत वर्षानुवर्षे मळ बसतो, त्यामुळे हाडाच्या सुईवर लांबीच्या दिशेने तुटक काळपट रेघा आणि बुडाशी टिंबे दिसतात. हस्तिदंतात अशा पोकळ्या नसतात. त्याच्या आडव्या छेदात एकमेकींना छेदणाऱ्या वक्ररेषांची जाळी असते, तिला श्रेगर रेषा म्हणतात, मात्र सुईचा छेद फार लहान असल्याने ती दिसली नाही एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. रेघा सरळ, समांतर आणि सारख्या अंतरावर असतील, कडेला साच्याची शिवण असेल व अंगठ्याने जोरात घासल्यावर कापराचा वास येत असेल, तर ती सुई सेल्युलॉइडची, म्हणजे १८७० नंतर बाजारात आलेल्या आणि कापूर घालून बनवलेल्या प्लॅस्टिकची आहे. एकोणिसाव्या शतकातील स्वस्त पांढऱ्या सुया बहुधा हाडाच्याच असत, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

तापवलेली टाचणी टोचून पाहण्याचा सल्ला देणाऱ्यांनी तो तत्काळ थांबवावा, कारण सेल्युलॉइड झटकन पेट घेते आणि वस्तू अस्सल निघाली तरी तिच्यावर डाग कायमचा राहतो.

पिवळेपणा हा वयाचा पुरावा नाही. धूर, तेलकट हात आणि चहाचे पाणी तो सहज आणतात. अॅल्युमिनियमची सुई दुर्मीळ व अतिप्राचीन समजली जाते, पण हा धातू स्वस्त करणारी प्रक्रियाच १८८६ ची आहे. सुईवरील आकडा सालाचा नसून जाडीचा असतो. मिलवर्ड कंपनीच्या नावाशी येणारे १७३० हे साल तिच्या स्थापनेचे आहे, हातातील सुईचे नव्हे, आणि तरीही जुन्या बाजारात त्या सालावर भाव लावला जातो.

सुई खरोखर हस्तिदंती निघाली, तर ती जुनी आहे म्हणून विकता येते हाही गैरसमजच होय. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा असून त्यातील १९८६ च्या दुरुस्तीने भारतीय हत्तीच्या दंताचा आणि १९९१ च्या दुरुस्तीने आयात केलेल्या आफ्रिकी दंताचा व्यापार बंद झाला, त्यामुळे साध्या हाडाच्या सुईला ‘हस्तिदंती’ म्हणून भाव वाढवणारा विक्रेता गिऱ्हाइकाची फसवणूक तर करतोच, शिवाय आपण बेकायदा माल विकत असल्याची जाहिरातही स्वतःच करतो.