दसऱ्याआधीची ओपीडी

सकाळी 8.30. वॉर्डातला राउंड. रात्री बाळंत झालेली बाई ठीक आहे, बाळाचं वजन पावणेतीन किलो. नर्स दबक्या आवाजात सांगते, "मॅडम, दुसरीपण मुलगीच." हा दबका आवाज कुठल्याच नर्सिंग कॉलेजात शिकवत नाहीत. 2011 च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे 807 मुली होत्या.

9.30. ओपीडीला गर्दी. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात, त्यामुळे या दिवसांत बायका वर्षभर अंगावर काढलेलं दुखणं घेऊन येतात. वय विचारलं की "असंल तीस-बत्तीस." तीन लेकरं, कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं. तक्रार एकच: अंगावरून पांढरं जातंय, कंबर दुखते. आणि लगेच, "पिशवी काढून टाका मॅडम, एकदाची कटकट जाऊ द्या."

तिचा हिशेब मला कळतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली. पाळीत एक दिवस खाडा झाला तरी दंड कापतात. फडात ना संडास, ना धुवायला पाणी.

तपासते. ॲसेटिक ॲसिड लावून गर्भपिशवीचं तोंड बघते. कॅन्सरची शंका यावी असा पांढरा चट्टा नाही. साधा जंतुसंसर्ग आहे. हिरव्या किटमधल्या गोळ्या देते. ती थैलीतून जुना केसपेपर काढते. खाजगीत सांगितलंय, "पिशवीला सूज आहे, पुढं कॅन्सर होईल."

"कोणती तपासणी केली होती मावशी?"

"नुसती सोनोग्राफी."

त्या खाजगी डॉक्टरच्या वाक्यात वैद्यकशास्त्र थोडं आणि समजूत जास्त आहे. लेकरं झाली, आता पिशवीचं काय काम, ही समजूत. स्वतःच्या बहिणीला पांढरं जायला लागलं तर हाच डॉक्टर आधी औषध देईल, मग थांबेल, मग दुसऱ्याचं मत घेईल. मजूर बाईचं शरीर मात्र त्याला कामाचं आणि बिनकामाचं अशा दोन भागांत दिसतं. बरोबर अंडाशयंही काढली, तर तिशीतच पाळी जाण्याचे त्रास सुरू होतात: अंगातून वाफा, हाडं ठिसूळ. आणि पुढच्या वर्षीही उसाची मोळी डोक्यावर घ्यायचीच असते.

हे माझं एकटीचं मत नाही. 2019 मध्ये आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने या शस्त्रक्रियांच्या चौकशीसाठी समिती नेमली. त्या वेळच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली आढळली, म्हणजे शंभरात जवळपास सतरा. देशात 15 ते 49 वयोगटात हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. त्याच सुमारास जिल्ह्यातल्या खाजगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचं बंधन आलं.

12.30. आत्याबरोबर आलेली मुलगी, वय वीस, सात आठवड्यांची गरोदर. दोन ठिकाणी फिरून आलीय. एकीकडे "लग्न झालंय का?" दुसरीकडे "नवऱ्याला घेऊन या." सज्ञान बाईच्या गर्भपाताला तिची एकटीची संमती पुरते, नवऱ्याची सही कायद्यात कधीच नव्हती. 2021 च्या दुरुस्तीनंतर आणि 2022 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अविवाहितेच्या हक्काबद्दलही शंका उरलेली नाही. पण 2012 मध्ये परळीचं स्त्रीभ्रूणहत्येचं प्रकरण उघड झालं, 2019 मध्ये तिथल्या डॉक्टर दांपत्याला दहा वर्षांची शिक्षा झाली, आणि कायदा मोडणारे सोडून कायद्यानं वागणारेच जास्त घाबरले. काहींची भीती असते, काहींचं सोवळं. आतून पटत नसेल तर करू नये, जबरदस्ती नाही. पण मग दुसऱ्या डॉक्टरचं नाव सांगावं, प्रवचन देऊ नये. मुलीची संमती लिहून घेते, गोळ्या देते, पुन्हा कधी यायचं ते दोनदा सांगते.

2.15. डबा. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी. सोबतचे डॉक्टर मनाने चांगले आहेत, गरिबाची फी सोडतात. म्हणतात, "मॅडम, ती सकाळची बाई चार-सहा महिने फडात. परत दाखवायला कुठं येणार? एकदाच काढलेली बरी." पैशासाठी कापणाऱ्याशी भांडता येतं. दयेपोटी कापणाऱ्याशी कसं भांडायचं? त्यांना म्हटलं, मग तिला पाळीत सुट्टी द्यायला मुकादमाला सांगू, सुरीला कशाला सांगायचं? ते हसले. पटलं नाही.

4.00. शेवटची पेशंट. सेहेचाळीस वर्षांची, पायावर सूज, डोळे पांढरे फटक. हिमोग्लोबिन सहा. सोनोग्राफीत मोठ्या गाठी, महिन्यातले पंधरा दिवस रक्तस्राव. गोळ्या, इंजेक्शनं सगळं करून झालंय. माझ्या तोंडात "थांबून बघू" येतंच होतं. इतकी वर्षं पिशवी वाचवायच्या मागे लागलेय, की आता ती वाचवणं हाच माझा धर्म होऊन बसलाय. धर्म बाजूला ठेवला आणि रिपोर्ट पुन्हा वाचला.

अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजला चिठ्ठी लिहिली: आधी रक्त चढवावं, मग शस्त्रक्रिया. अंडाशयं चांगली असतील तर ठेवावीत.

"गावात बाया म्हनत्यात, तुम्ही काढू देत न्हाईत," ती म्हणाली.

"तुमची काढायची. आजच निघा, आणि मुकादमाला सांगा, यंदा हा कोयता अर्धाच आहे."

"यंदा गेलोच न्हाई तर उचल कशी फेडायची, मॅडम?"

त्याचं औषध माझ्याकडे नव्हतं. 108 ला फोन लावायला सांगितला.