ओढणीआडचा डोळा
दारावरची बेल वाजली की आमची नात आईच्या ओढणीत तोंड लपवते. ‘नमस्कार कर बघू’ म्हणत मी तिला पुढे ढकलायचो. आता लाज वाटते, ती मला.

हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांनी ४ महिन्यांच्या बाळांपुढे रंगीत खेळणी हलवली, अनोळखी आवाज ऐकवले. साधारण पाचातलं एक बाळ हातपाय झाडत रडलं. पुढे बुजरेपणा अशाच बाळांत जास्त दिसला. सगळ्यांत मात्र नाही. मेंदूतला बदामाच्या आकाराचा अमिग्डाला यांच्यात नव्या गोष्टीला चटकन दचकतो, असं केगन यांचं म्हणणं. म्हणजे पोरगी हट्टी नव्हे. आणि सूनबाईच्या लाडांचाही दोष नाही (हे मी घरात अजून कबूल केलेलं नाही).

काल कुरिअरवाला आला. ओढणीतून एक डोळा बाहेर आला. मी गप्प बसलो.